बांबूचं टिळकनगर, काँक्रीटची मुंबई आणि दारूबंदी

डिसेंबर १९३६. पूर्व खानदेशातल्या यावल तालुक्यात फैजपूरच्या शिवारात बांबू, चटया आणि गवताचं एक नगर उभं राहिलं. त्याचं नाव टिळकनगर. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन तिथं भरणार होतं आणि खेड्यात भरणारं ते पहिलंच होतं. गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. जे बांधायचं ते जवळपास मिळणाऱ्या सामानातून आणि गावच्या कारागिरांच्या हातून, एवढीच त्यांची अट होती. बोसांनी ती मनापासून पाळली. कमानी, मंडप, प्रदर्शनाची दालनं, सगळं बांबूचं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली.

त्याच वर्षी मुंबईत दुसरंच नगर आकार घेत होतं. बॅकबेच्या भरावावर सिमेंट-काँक्रीटच्या इमारती चढू लागल्या होत्या. ऑगस्ट १९३६मध्ये टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि दिनशॉ या गटांच्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. नव्या घराचं सामान म्हणजे काँक्रीट, हे मध्यमवर्गाच्या मनावर ठसू लागलं. गोल वळणाच्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, आगबोटीचे वाटावेत असे कठडे, जाळ्यांमध्ये उगवतीचा सूर्य. तेव्हा या शैलीला लोक नुसतं ‘मॉडर्न’ म्हणत. आर्ट डेको हे नाव रूढ झालं १९६०च्या दशकाच्या अखेरीस, पॅरिसच्या १९२५च्या प्रदर्शनाची आठवण ठेवून.

बांबूच्या नगरात जमलेल्या माणसांनी तीन वर्षांच्या आत काँक्रीटच्या नगरातल्या दारूच्या पेल्यावर हात ठेवला. खानदेश आणि मरीन ड्राइव्ह यांचा हा संबंध इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका पानावर येत नाही. पण मद्यगृहाची इमारत कशी दिसावी, कुठं उभी राहावी आणि कधी ओस पडावी, हे वास्तुविशारदाइतकंच अबकारी कायदा ठरवतो. १९३०च्या दशकात ही गोष्ट जगभर दिसली.

ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घ्या. तिथल्या लहान गावांच्या मुख्य चौकात हटकून एक ‘हॉटेल’ असतं. खाली बार आणि वर मुक्कामाच्या खोल्या. दारूचा परवाना हवा तर प्रवाशांच्या राहण्याचीही सोय हवी, अशी कायद्याची परंपरा होती आणि त्यामुळे आडगावातही दुमजली, देखणी इमारत उभी राहिली. न्यू साउथ वेल्समध्ये १९१६ ते १९५५ या काळात बार संध्याकाळी सहाला बंद करावे लागत. कामावरून सुटलेले लोक तासाभरात जमेल तितकी बिअर घशाखाली ओतत. मग बारच्या भिंतींना चकचकीत फरशा बसल्या, कारण रोज रात्री त्या धुवून काढायच्या असत. टूथ अँड कंपनी ही बिअरची मोठी कंपनी. तिनं सिडनी वॉर्डन यांच्यासारख्या वास्तुविशारदांकडून आपली जुनी मद्यगृहं नव्या शैलीत बांधून घेतली. न्यूझीलंडमधल्या नेपियर गावाचं निमित्त वेगळं होतं. ३ फेब्रुवारी १९३१च्या भूकंपात ते गाव उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा उभं राहिलं ते जवळजवळ सगळं आर्ट डेकोमध्ये. तिथलं मॅसॉनिक हॉटेल आजही गावाचं भूषण आहे.

फैजपूरच्या तालुक्याच्या गावाला, यावलला, असं हॉटेल का नव्हतं? गाव काही लहानसहान नव्हतं. सूर नदीच्या काठी निंबाळकरांचा किल्ला होता आणि एके काळी हातकागद आणि निळीसाठी या गावाची ख्याती होती. व्यापारी येत, सरकारी अंमलदार येत. पण व्यापारी धर्मशाळेत उतरे, साहेब डाक बंगल्यात. दारूचा आणि मुक्कामाचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. दारू मिळे ती पिठ्यावर किंवा गुत्त्यावर, गावाबाहेरच्या एखाद्या खोपटात. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरची भट्टी हा गुन्हा ठरला. दारू गाळायची सरकारनं ठरवलेल्या ठिकाणी आणि विकायची परवाना मिळवलेल्या दुकानदारानं. ज्यानं मक्त्याला भरमसाट रक्कम मोजली, तो ती वसूल करण्यासाठी उधारीवर पाजणार, हे उघडच होतं. अशा दुकानाला देखणा दर्शनी भाग कशाला हवा? सरकारच्या दृष्टीनं ते महसुलाचं नळकांडं होतं. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाखालोखाल मोठं उत्पन्न दारूतूनच येई.

सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, तडवी, पावरा वस्त्यांवर या कायद्याचा घाव खोल बसला. मोहाची फुलं जंगलातली आणि त्यांची दारू देवाच्या पूजेला, लग्नाला, मर्तिकाला लागणारी. ती घरी गाळली की पोलीस दारात उभा. दुकानातून आणली की सावकाराच्या वहीत नाव. दारू सोडण्याची मोठी चळवळ या भागात आदिवासींनी स्वतःच उभी केली, हे विसरून चालणार नाही. १९२२मध्ये देवीच्या नावानं दक्षिण गुजरात आणि लगतच्या आदिवासी पट्ट्यात गावंच्या गावं दारूपासून दूर झाली. १९३७-३८मध्ये पश्चिम खानदेशात, तळोदा भागातल्या मोरवडला, गुला महाराजांनी ‘आप’ संप्रदाय उभारला. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, आंघोळ करून आरतीला यायचं, दारू सोडायची. हजारो भिल्लांनी ती सोडलीही. १९३८मध्ये गुला महाराज वारले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं. सावकार आणि दारूवाले यांचं त्यांच्याशी वाकडं होतं, आणि सरकारलाही एवढी माणसं शिस्तीनं एकत्र येतात याची धास्ती वाटली.

फैजपूरचं अधिवेशन या चळवळींच्या जोडीनं पाहायला हवं. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने यांनी या भागात तयारी उभी केली. साने गुरुजी अंमळनेरची शिक्षकी सोडून तोवर पूर्णपणे चळवळीत उतरले होते. अधिवेशनासाठी त्यांनी झटून काम केलं. मुंबईहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा चालत फैजपूरला पोचला. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय तिथं आले होते. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना नंदलाल बोसांचं कौतुक केलं. २७ आणि २८ डिसेंबरला मुख्य अधिवेशन झालं आणि शेतसारा, खंड, कर्ज यांच्याबद्दलचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला.

दारूबंदी हा काही फैजपूरचा नवा ठराव नव्हता. ती काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावातच होती आणि त्याआधी असहकार आणि कायदेभंगाच्या काळात दारूच्या दुकानांसमोर, विशेषतः बायकांनी, निदर्शनं करून झाली होती. फैजपूरनं वेगळीच गोष्ट दाखवून दिली. खेडं आता काँग्रेसचं घर झालं होतं, आणि निवडणुका दोन महिन्यांवर आल्या होत्या. खेड्यातल्या बाईला ही निवडणूक म्हणजे नवऱ्याचा गुत्ता बंद होण्याची आशा होती. ते वचन देणारा पक्ष १९३७च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात सर्वांत मोठा ठरला आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. ऑगस्टमध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं आपल्या मंत्रिमंडळांना तीन वर्षांत दारूबंदी करायला सांगितलं. मद्रास प्रांतात राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ला सेलम जिल्ह्यापासून सुरुवातही केली.

त्या वेळची मुंबई कशी होती, तेही बघू. १९३३मध्ये कुलाब्याच्या टोकाशी रीगल चित्रपटगृह उघडलं. व्हीटी स्टेशन उभारणाऱ्या स्टीव्हन्सच्या मुलानं, चार्ल्स स्टीव्हन्सनं, त्याचा आराखडा केला होता. बापाची इमारत घुमट, कमानी आणि दगडी नक्षीची. मुलाची सपाट, उभ्या रेषांची. दोघांमध्ये अर्ध्या शतकाचं अंतर आणि तेवढंच अंतर शहराच्या चेहऱ्यात पडलं. १९३८च्या फेब्रुवारीत चर्चगेट स्टेशनासमोर इरॉस उघडलं. सोराबजी भेडवार यांनी आराखडा केलेल्या या इमारतीत चित्रपटगृहाबरोबर रेस्टॉरंट आणि नृत्यगृहही होतं. सिनेमा, जेवण, पेला आणि नाच, सगळं एका छपराखाली. त्याआधी डिसेंबर १९३७मध्ये ब्रेबर्न स्टेडियम आणि त्याचा क्लब उभा राहिला. मरीन ड्राइव्हवर गजानन म्हात्रे यांचा सूना महाल १९३७चा, आणि कपूर महाल, झवेर महाल, केवल महाल हे शेजारी त्याच सुमाराचे. १९३७च्याच नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेनं ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवलं आणि मध्यमवर्गानं ते पाहायला गर्दी केली.

ताजमहाल हॉटेलात हार्बर बार १९३३पासून सुरू होता. तिथल्या नृत्यगृहात १९३५मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ वाद्यवृंद घेऊन आला आणि पुढच्या वर्षी वादक क्रिकेट स्मिथ. गोव्याकडचे वादक त्यांच्या शेजारी बसून ते संगीत शिकले. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींचा आवाज कुठला, असं विचारलं तर तो हा. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि लाकडी जमिनीवर सरकणारे बूट.

या सगळ्यावर १ ऑगस्ट १९३९ला पडदा पडला. तारीख टिळकांच्या पुण्यतिथीची होती. अबकारी खातं डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होतं. ते नामवंत हृदयरोगतज्ज्ञ होते आणि स्वतः पारशी. अहमदाबादमध्ये १९३८च्या जुलैमध्येच बंदी आली होती. आता मुंबई शहर आणि उपनगरं त्यात आली. दारू आणि ताडीचा मोठा धंदा पारशांच्या हातात होता, ताडीची झाडं पिढ्यानपिढ्या भंडारी चढत होते, आणि दोघांनाही आपली रोजी बुडाल्यासारखं वाटलं. गिल्डरांवर त्यांच्याच समाजानं कडवट टीका केली. तरी ते मागे हटले नाहीत. पुढं याच गिल्डरांनी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींच्या उपवासात त्यांची काळजी घेतली.

बंदीची किंमतही द्यायची होती. अबकारीचं उत्पन्न बुडणार म्हणून सरकारनं मुंबई आणि अहमदाबादच्या स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या दहा टक्के कर बसवला. गुत्त्यात जमा होणारा पैसा आता मरीन ड्राइव्हच्या नव्या कोऱ्या घरमालकांच्या खिशातून यायचा होता. कराविरुद्ध न्यायालयात दावेही झाले. खेड्यातल्या बायकांना दिलेल्या शब्दाचं बिल शहराच्या काँक्रीटला आलं, आणि ते योग्यच होतं असं म्हणायला हरकत नाही. शहराचं वैभव बऱ्याच अंशी कापसावर उभं होतं, आणि खानदेशचा कापूस त्यात कमी नव्हता.

पण बंदी टिकली नाही. सप्टेंबरात महायुद्ध पेटलं आणि नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. १९४०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं बंदीच्या कायदेशीर पायालाच धक्का दिला. मग युद्धाच्या वर्षांत मुंबई सैनिकांनी, खलाशांनी आणि निर्वासितांनी भरून गेली. चर्चगेट आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींमध्ये हॉटेलं चालू लागली. ॲम्बॅसॅडर, ॲस्टोरिया, रिट्झ, सी ग्रीन ही नावं त्या परिसराची ओळख झाली. त्यांचे नाच आणि बँड यांचा बहर याच वर्षांतला.

दुसरी बंदी आली ती कायमची वाटावी इतक्या ठामपणे. १९४६ला खेर मंत्रिमंडळ परतलं. मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. मुंबई दारूबंदी कायदा १६ जून १९४९ला लागू झाला आणि ६ एप्रिल १९५०ला, राष्ट्रीय सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, संपूर्ण राज्यात बंदी आली. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. मे १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा बहुतांश भाग कायम ठेवला. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांतल्या अल्कोहोलबद्दलची काही कलमं मात्र रद्द केली. नव्या राज्यघटनेच्या पहिल्या मोठ्या निकालांपैकी हा एक. भारतीय विधिशिक्षणात तो अजून शिकवला जातो.

मुंबईच्या मद्यगृहांच्या इमारती तिथंच राहिल्या, पण त्यांच्यातलं काम बदललं. बारचे दिवे विझले, चहा-कॉफी आणि आइस्क्रीम आलं. नाचाला येणारे कमी झाले तसे वादक बेकार होऊ लागले, आणि मुंबईतच असलेल्या हिंदी चित्रपटसृष्टीनं त्यांना हाक दिली. गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत. ते १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांचे संगीत संयोजक झाले. नृत्यगृह बंद पडायला बंदी हे एकच कारण नव्हतं. इंग्रज गेले, संस्थानं गेली, लोकांची आवड बदलली. तरी दारूचा परवाना गेलेल्या नृत्यगृहाचं गणित फार दिवस जमत नाही, हे खरं. एका कायद्यानं मराठी माणसाच्या घरोघरच्या रेडिओवरचं संगीत बदललं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

या बंदीतला अन्याय सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कायद्यात परवान्यांची सोय होती. परदेशी नागरिकाला परवाना मिळे, आरोग्याच्या कारणासाठी डॉक्टरी दाखल्यावर मिळे. ज्याला दाखला आणायची ऐपत होती त्याचा पेला वाचला. भंडाऱ्याचा ताडीचा माठ, गिरणी कामगाराची संध्याकाळ, सातपुड्यातल्या बाईची मोहाची हंडी, यांच्यासाठी दाखला नव्हता. मुंबईत घरगुती ‘आंटी’चे अड्डे आणि खाडीकाठच्या हातभट्ट्या फोफावल्या आणि पोलीस कोठड्या गरिबांनी भरल्या. गुला महाराजांनी जे माणसांच्या मनातून घडवलं ते छडीच्या धाकानं घडवता येईल, असं सरकारला वाटलं. ते तसं घडलं नाही. उद्देश उत्तम होता, हेही तितकंच खरं. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं खानदेशातल्या प्रत्येक गावात होती आणि आहेत.

१९६०च्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारनं बंदी सैल केली. परवाने सहज मिळू लागले आणि ‘परमिट रूम’ची पाटी महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पोचली. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. नाव बदलून तो आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून चालू आहे आणि पिणाऱ्यानं परवाना काढावा, हे त्यात अजूनही लिहिलेलं आहे. इमारतीच्या बाजूनं बोलायचं तर ३० जून २०१८ला मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. मरीन ड्राइव्हच्या या इमारती आता जपल्या जातील. फैजपूरचं बांबूचं नगर मुळातच तात्पुरतं होतं. त्यातलं उरलंय ते छायाचित्रांत आणि कागदपत्रांत.

ती कागदपत्रं खानदेशातल्या घरांमध्ये अजून असतील. फैजपूर अधिवेशनाचे पास आणि छायाचित्रं, आप चळवळीच्या वह्या, १९५०च्या दशकातले दारूचे परवाने, गुत्त्याच्या लिलावाच्या नोटिसा, तालुक्याच्या गावी बांधलेल्या सूर्याच्या जाळीच्या घरांचे जुने आराखडे. ज्यांच्या घरच्या पेटीत असं काही असेल त्यांनी ते रद्दीत न घालता धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे निदान छायाप्रतीच्या रूपानं तरी पोचवावं.